तिरप्या उजेडात वाचावे

बाईंच्या गाडीच्या बॉनेटवर कुणीतरी किल्लीने एक शब्द कोरला, तो भर दुपारी, संस्थेच्या वाहनतळावर, पहारेकऱ्याच्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर. शब्द होता ‘खोटारडी’. अक्षरे टपोरी, पण घाईची. शेवटच्या वेलांटीचा फराटा पार काचेखालच्या जाळीपर्यंत गेलेला. गाडी गडद निळी, त्यामुळे शब्द फळ्यावरच्या खडूसारखा उठून दिसत होता. बाईंचे उभे आयुष्य जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्यात गेले होते. त्यांनी आधी मजकूर वाचला, मग हस्ताक्षर पाहिले, आणि लेखकाला सराव नसला तरी आत्मविश्वास पुरेसा आहे, एवढी नोंद मनाशी करून त्या गाडीत बसल्या.

संस्थेने विलक्षण तत्परता दाखवली. संध्याकाळच्या आत कळवले, की वाहनतळावरचा कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता, पहारेकरी नेमका त्याच वेळी चहाला गेला होता, आणि घडल्या प्रकाराचा संस्था तीव्र शब्दांत निषेध करते. हे तीव्र शब्द कोणते, ते मात्र कळवले नव्हते.

शब्द कुणी कोरला, हे शोधण्यात बाईंना रस नव्हता. का कोरला, हे संस्थेतल्या शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. बाईंच्या हाताखाली एक मुलगी शिडाच्या जहाजांवरच्या स्वयंपाक्यांचा इतिहास लिहीत होती. वादळात चूल पेटती ठेवणारी ही माणसे. त्यांच्याविषयी आजवर कुणी धड एक पान लिहिले नव्हते. मुलीने जुन्या दप्तरखान्यांतली धूळ खाऊन प्रबंध पुरा केला, आणि तो परीक्षकांकडे जाण्यापूर्वीच त्याच विषयावरचे संचालकांचे देखणे, जाडजूड पुस्तक बाजारात आले. संचालकांनी मुलीचा मसुदा मार्गदर्शनासाठी मागून घेतला होता. मार्गदर्शन कुणी कुणाला केले, ते पुस्तकावरून दिसतच होते.

इथवरही बाईंनी ओठ आवळून सोसले असते. चोरी हा विद्वानांचा जुना जोडधंदा आहे. पण मग संचालकांच्या कार्यालयाने विचारणा केली, की मुलीचा प्रबंध संचालकांच्या प्रकाशित ग्रंथावरून उचललेला नाही, हे कशावरून? तेव्हा बाईंनी लेखी सांगितले, की उचलेगिरी झाली आहे, फक्त उलट्या दिशेने. चौकशी समिती नेमली गेली. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. तीत मुलगी हरली, तर प्रबंध बाद होणार होता, आणि चोर म्हणून तिच्या नावाचा जो डांगोरा पिटला जाणार होता, त्यानंतर कुठल्याही विद्यापीठाचे दार तिला उघडणार नव्हते.

आणि ती हरणार, अशीच चिन्हे होती. संचालकांनी काम चोख केले होते. मुलीचे एकही वाक्य त्यांनी जसेच्या तसे ठेवले नव्हते. तिने ‘चूल’ लिहिले तिथे यांनी ‘पाकाग्नी’, तिने ‘भांडण’ तिथे यांनी ‘संघर्ष’, ती ‘उपाशी’ म्हणाली तिथे हे ‘अन्नवंचित’. संगणकाने दोन्ही मजकूर शेजारीशेजारी मांडून ‘साम्य नगण्य’ असा निर्वाळा दिला होता. बाई लाल पेन्सिल घेऊन वाक्यामागून वाक्य ताडत बसत. चोरी त्यांना दिसत होती. दाखवता येत नव्हती.

शनिवारी सकाळी संचालक स्वतः बाईंच्या घरी आले. पोर्चमध्ये उभ्या गाडीपाशी थांबून, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावे तसे त्यांनी बॉनेटवर अलगद हात ठेवला.

“फार वाईट झालं, बाई. मला तर झोप नाही.”

“चेहऱ्यावरून वाटत नाही,” बाई म्हणाल्या. “छान दिसताय.”

बाईंचे यजमान चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. हे निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या किंकाळ्या ऐकल्यामुळे की काय, शांततेचे त्यांना विलक्षण प्रेम. त्यांनी बायकोकडे डोळे मोठे करून पाहिले. बाईंनी ते पाहिलेच नाही.

“संस्थेच्या गाड्यांचं काम करणारा एक पेंटर आहे,” संचालक म्हणाले. “परवा गाडी नेईल, सुनावणीच्या आत आणून देईल. शोधून सापडणार नाही.”

“काय सापडणार नाही?”

“ओरखडा हो! दुसरं काय?”

“आणि सुनावणी?”

“ती काय, तुम्ही ताणलीत तर होईलच. नाहीतर दोन ओळी लिहून द्या, गैरसमज झाला म्हणून. मुलीला मी नवा विषय देतो. वय काय तिचं! अशा गोष्टींवर वेळीच हात फिरवलेला बरा असतो, बाई.”

“तुमच्या हात फिरवण्याबद्दल मला कणभर शंका नाही, सर,” बाई म्हणाल्या. “पण गाडी माझी आहे. तिला मीच हात लावीन. सुनावणीला ह्याच गाडीने येईन, आणि बॉनेट तुमच्या पुस्तकाइतकं गुळगुळीत असेल. चहा घ्या, गार होतोय.”

संचालक चहा न घेता गेले. यजमानांनी ट्रे बॉनेटवरच टेकवला.

“अगं, माणूस आपणहून करून देत होता. आणि तू घरी रंगवणार? तुला भिंतीला खिळा ठोकता येत नाही.”

“मग ठोकायला शिकेन.”

“पण भांडण कशाला ओढवून घ्यायचं? तोंड मिटून बसलं तर काय बिघडतं?”

वरच्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. तिथे यजमानांची थोरली बहीण राहत असे. घरात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तिची हजेरी गॅलरीतूनच लागे. “काय रे, जन्मभर लोकांना ‘आ करा, आ करा’ म्हणत आलास, आणि बायकोला तेवढं ‘मीट’ म्हणतोस होय?”

“ताई, तू मध्ये पडू नकोस.”

“मी वर आहे, मध्ये कुठे? वहिनी, तुम्ही खुशाल रंगवा. फार तर काय, गाडी खराब होईल. ती झालेलीच आहे.”

रंगाच्या दुकानदाराचे मत निराळे पडले. काउंटरवर कोपर टेकून त्याने बाईंना चष्म्यापासून चपलांपर्यंत न्याहाळले. “घरी, मॅडम? घरी लोक गाडी धुतात.”

“ह्यापुढे रंगवतील.”

“बरं बुवा.” गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून बाईंनी रंगाचा क्रमांक उतरवून आणला होता. त्यावरून त्याने निळा स्प्रे काढून दिला. पाण्यात भिजवून घासायचे कागद, पुट्टी, प्रायमर, मास्किंग टेप असा ढीग रचला आणि वर एक डबा ठेवला. “हा क्लिअर. रंगावरचा पारदर्शक थर. सगळी चमक ह्याची. खालचा रंग नुसता निस्तेज असतो. डब्याच्या बुडाशी खटका आहे, तो दाबला की आतलं हार्डनर मिसळतं. मग माघार नाही. त्याच दिवशी मारून संपवायचा, नाहीतर डब्यात दगड होतो.”

“माघार नाही, हे बरं आहे,” बाई म्हणाल्या.

“आणि मास्क हा गाळणीचा घ्या. नाकाला रुमाल बांधून मारू नका. विषारी असतो तो वास. माझ्या एका गिऱ्हाइकाने बांधला होता रुमाल. अजून खोकतोय, आणि अजून म्हणतोय काही होत नाही.”

सामानाबरोबर एक सूचनापत्रक मिळाले. ते बाईंनी घरी येऊन बैठकीत बसून वाचले. भाषा भयानक होती. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे, आणि ‘घासणे’ हा शब्द तीन ओळींत तीन तऱ्हांनी छापलेला. बाईंचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. पत्रक शुद्ध करून झाल्यावर त्यांना एक समाधान लाभले, आणि त्या समाधानात पत्रकाचे ऐकण्याची गरज कुठेतरी विरघळून गेली. ज्याला दोन वाक्ये सरळ लिहिता येत नाहीत, त्याचा सल्ला मानायचा तरी किती, असा हा सुशिक्षितांचा एक गोड रोग आहे. बाईंना तो पूर्वीपासून होता.

पत्रकात लिहिले होते, की कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, ओरखड्याच्या दोन्ही अंगांना चांगली वीतभर जागा घेऊन, ऐसपैस आणि सपाट घासावे. बाईंना हे रानटी वाटले. खराब भागासाठी चांगल्या भागाचा बळी द्यायचा? त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम नेमका उलटा होता: जो शब्द भ्रष्ट झाला असेल तेवढाच दुरुस्त करावा, शेजारच्या निर्दोष मजकुराला बोट लावू नये.

त्यांनी बॉनेट धुतले, मेण आणि तेलकटपणा पुसून काढला, आणि एक मग पाणी ओतले. पाण्याखाली ‘टा’ आणि ‘र’ चटकन दिसेनासे झाले. ‘खो’ आणि ‘डी’ ढिम्म हलले नाहीत. म्हणजे मधली अक्षरे वरच्या पारदर्शक थरातच होती, कडेची रंग फोडून आत उतरली होती. बाईंनी त्या चिरांवरून नख फिरवले. नख अडकले.

“थांब, तसं नाही,” मागून यजमान म्हणाले. न राहवून ते आपले भिंग आणि एक बारीक अणकुचीदार सळई घेऊन आले होते. डोळा बारीक करून त्यांनी ‘खो’च्या काठावर सळई टोचली. “हं. मुळापर्यंत गेलंय. पत्रा लागला.”

“तुम्हाला भांडणात पडायचं नव्हतं ना?”

“भांडणात कुठे पडतोय? दुखणं बघतोय.”

आणि मग दोघे मिळून जे कामाला लागले, ते पाहण्यासारखे होते. बाईंनी कागदाची घडी करून, बोटाच्या टोकाने, प्रत्येक अक्षराच्या वळणावरून, रेषेबाहेर केसभरही न जाता घासले. घासताना येणारे पाणी दुधासारखे पांढरे होते तोवर त्या निर्धास्त होत्या. निळसर झाले, की क्लिअर संपून रंग लागला असे समजून त्या हात हलका करत. यजमानांनी दात भरायच्या चपट्या हत्याराने ‘खो’मध्ये आणि ‘डी’मध्ये पुट्टी भरली, तीही चिरेपुरती, कणभरही इकडेतिकडे सांडू न देता. वाळल्यावर ती पुन्हा बोटाच्या टोकाने घासून काढली. एकीने जन्मभर अक्षरे दुरुस्त केलेली, दुसऱ्याने दाढा. दोघांच्याही नेमकेपणाला त्या दिवशी तोड नव्हती.

“खोटारडीचा ‘र’ झाला का?” नणंद वरून विचारी.

“झाला, वन्सं.”

“दाढ दुखली तर सांग म्हणावं गाडीला.”

मग पोर्चला चहूबाजूंनी जुन्या चादरी टांगल्या गेल्या. धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडले गेले. काच, दिवे, चाके वर्तमानपत्रांनी मढली. प्रायमर, मग निळा, पातळ पातळ हातांनी, मध्ये वाळायला वेळ देत. आणि शेवटी मास्क चढवून बाईंनी क्लिअरच्या डब्याचा खटका दाबला. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. त्यांनी बॉनेटच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, संथ, समांतर, न थांबता हात नेला. एक चिलट येऊन ओल्या थरात बसले आणि तिथेच अमर झाले. यजमान त्याला चिमट्याने काढायला धावले. बाईंनी त्यांना मास्कमधून अशा नजरेने रोखले, की ते चिमट्यासह मागे सरले.

थर पुरता कडक झाल्यावर बाईंनी अगदी बारीक कागदाने तो एकसारखा केला, कंपाउंड लावून घोटला, आणि फडके काढले. दोघे गाडीच्या पुढे उभे राहिले. निळे बॉनेट विहिरीच्या पाण्यासारखे नितळ दिसत होते. शब्दाचा मागमूस नव्हता. यजमान हळूच म्हणाले, “माझ्या कुठल्याही पेशंटला एवढं सुंदर काही मिळालं नाही.”

हे सुख दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले. सुनावणीच्या आदल्या दिवशीची ती सकाळ. ऊन अजून वर चढले नव्हते. समोरच्या इमारतींच्या फटीतून ते आडवे येऊन गाडीवर पडले होते.

“वहिनी!” गॅलरीतून हाक आली. “वर या. आत्ताच्या आत्ता.”

“काय झालं?”

“तुम्ही या तर. आणि चष्मा घालून या.”

बाई वर गेल्या. नणंदेने खाली बोट केले. निळे बॉनेट झळाळत होते. त्यात रस्त्यावरच्या विजेच्या तारेचे प्रतिबिंब पडले होते, आणि ती सरळ तार बॉनेटच्या मधोमध येऊन वाकत होती, खचत होती, पुन्हा वर येत होती. ती जिथे जिथे खचत होती, तिथे तिथे अक्षर होते. खो. टा. र. डी. रंग तोच, चमक तीच, ओरखडा एक नाही. नुसते खळगे, आणि त्या खळग्यांवरून ओघळणारा उजेड.

“आधी खरवडलेलं होतं,” नणंद म्हणाली. “आता छापलंत.”

यजमानही वर आले होते. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिले आणि खुर्ची शोधली. “बोटाने घासलं ना आपण. बोट खोल जातं. पुट्टी मऊ, तीच जास्त निघाली.” ते स्वतःशीच बोलावे तसे बोलत होते. “सपाट घासायला हवं होतं. लांबवर. आपण अक्षराच्या बाहेर गेलोच नाही.”

“काय म्हणालात?”

“म्हटलं, अक्षराच्या बाहेर गेलो नाही. एक एक अक्षर धरून पुसत बसलो. म्हणून सगळं पुसलं गेलं, आणि शब्द तेवढा राहिला.”

बाईंनी कठडा घट्ट धरून ती चार अक्षरे पुन्हा वाचली. नणंदेला वाटले, वहिनी आता रडते की काय. तिने पदराचे टोक हाताशी घेतले. बाई रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा, नणंदेने नंतर सांगितले त्याप्रमाणे, मांजराने उंदराचे बीळ पाहावे तसा झाला होता.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “तुमची गॅलरी फार चांगल्या जागी आहे.”

खाली येऊन त्यांनी लाल पेन्सिल खणात टाकली. प्रबंध आणि पुस्तक शेजारीशेजारी ठेवले, पण वाक्ये वाचली नाहीत. वाक्ये संचालकांनी पुसलीच होती, एक एक करून, अतिशय मेहनतीने, रेषेबाहेर न जाता. बाईंनी खळगे पाहिले. कशानंतर काय येते. काय यायला हवे होते आणि आले नाही.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. ती कुणाचा फोन घेत नव्हती. बाईंनी पुन्हा पुन्हा लावला.

“बाई, मी सामान बांधतेय,” अखेर ती म्हणाली. आवाज बसला होता. “मी नाही येत उद्या. माझ्याने नाही होणार. सगळे बघतात माझ्याकडे.”

“बघू देत. तुझं दुसरं प्रकरण मरणावर का आहे?”

“काय?”

“स्वयंपाकी जहाजावर चढतो पहिल्या प्रकरणात आणि दुसऱ्यात लगेच मरतो. तिसऱ्यात चूल पेटवतो. असं का?”

“बाई, ह्याच्यावरून तुम्ही मला केवढं बोलला होतात!”

“बोलले होते. तू ऐकलं नाहीस. का?”

“दप्तरखान्याच्या वरच्या मजल्याचं काम चाललं होतं ना तेव्हा. खालच्या खोलीत फक्त मृत्यूच्या नोंदींच्या पेट्या होत्या. सहा महिने तेवढंच वाचलं. नंतर... मला ते शेवटी टाकवेना. त्या माणसांना मी आधी मेलेलीच ओळखत होते. चुकलं का, बाई?”

“चुकलं. देवाचे आभार मान. आणि पाणी? पिण्याच्या पाण्यावर ओळ नाही तुझी.”

“पाण्याच्या नोंदींच्या पेट्यांना बुरशी लागलीय. कुणालाच देत नाहीत. मी तळटीप टाकली होती तशी.”

“टाकली होतीस. सामान सोड. उद्या वेळेवर ये, आणि बरे कपडे घालून ये. आपण जिंकायला जातोय, क्षमा मागायला नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची गाडी संस्थेत शिरली, ती थेट सभागृहासमोरच्या मोकळ्या जागेत, आडवी. पहारेकरी धावत आला.

“बाई, इथे नाही लावायची. मागे लावा.”

“मागे ऊन येत नाही.”

“पण नियम...”

“तुम्ही चहाला जा,” बाई म्हणाल्या. “तुमची चहाची वेळ मला माहीत आहे.”

समितीत तिघे होते. अध्यक्षा बाहेरगावच्या कायद्याच्या प्राध्यापक. केस पांढरेशुभ्र, आणि वेळ वाया घालवणाऱ्यांविषयीचा तिटकारा चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेला. बाईंनी विनंती केली, की सुरुवात करण्यापूर्वी सगळ्यांनी क्षणभर बाहेर यावे. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आल्या. संचालक आले. मुलगी आली. यजमान आधीच येऊन गाडीच्या बाजूला उभे होते. भांडणात न पडण्याचा त्यांचा निश्चय अजून कायम होता, फक्त ते भांडणाच्या अगदी शेजारी उभे होते.

संचालक गाडीच्या पुढे थांबले आणि मनापासून म्हणाले, “वा! उत्तम काम झालंय. काही म्हणता काही दिसत नाही. पाहा बाई, मी म्हणत नव्हतो? विषय संपला.”

“समोरून नाही दिसत,” बाई म्हणाल्या. “जरा इकडे या. दाराच्या बाजूला. आता थोडं वाका.”

आधी अध्यक्षा वाकल्या. मग त्यांनी चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचले, “खोटारडी.”

झाडावरचे पान बॉनेटवर पडले आणि घसरून गेले.

“हे मी स्वतः पुसलं आहे,” बाई म्हणाल्या. “एकही रेघ ठेवली नाही. रंग नवा, चमक नवी. पण एक एक अक्षर धरून पुसलं, म्हणून खळगा राहिला. आता हीच नजर घेऊन वर चला.”

वर, लांब टेबलाच्या एका बाजूला प्रबंध आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक होते. संचालकांनी सवयीने सुरुवात केली. संगणकाचा निर्वाळा, साम्य नगण्य, एकही वाक्य जुळत नाही. बाईंनी त्यांना पुरे बोलू दिले. समोरच्याने स्वतःहून खड्डा खणायला घेतला असता कुदळ हिसकावून घेऊ नये, एवढे शहाणपण चाळीस वर्षांच्या अध्यापनाने त्यांना दिले होते.

“मान्य,” त्या म्हणाल्या. “वाक्य एकही जुळत नाही. सर, एवढंच सांगा, तुमच्या पुस्तकात स्वयंपाक्याचा मृत्यू दुसऱ्या प्रकरणात का आहे?”

“ती... रचना आहे. मृत्यू हे अखेर मानवी अस्तित्वाचं मूलभूत सत्य...”

“म्हणून तो चूल पेटवायच्या आधी मरतो?”

“वाचकाला धक्का देण्याचं तंत्र आहे ते.”

“असेल. आणि पाणी?”

“कसलं पाणी?”

“पिण्याचं. माणूस समुद्रावर आहे, स्वयंपाक करतोय, पण त्याने पाणी कुठे ठेवलं, कसं मोजून दिलं, ते नासलं तेव्हा काय केलं, ह्यावर तुमच्या एवढ्या जाड पुस्तकात एक थेंब नाही. मुलीच्या प्रबंधातही नाही. ती तर नवशिकी. तुमचं काय?”

संचालकांनी घसा खाकरला. तेवढ्यात मुलगी बोलली. आवाज कापत होता, पण ती बसली नाही, उभी राहिली. “सर, पाण्याच्या नोंदींच्या पेट्यांना बुरशी लागलीय. मला दाखवल्याच नाहीत. तुम्हालाही नाही दाखवल्या का?”

प्रश्न साधा होता, जवळजवळ सहानुभूतीचा. आणि संचालकांनी, आयुष्यभर त्यांना नडत आलेल्या आणि आयुष्यभर खपून गेलेल्या सवयीने, छाती किंचित पुढे काढून उत्तर दिले.

“मला सगळ्या पेट्या दाखवल्या. मी संचालक आहे. प्रस्तावनेत तसं नमूदही केलं आहे. सर्व साधनं मी स्वतः तपासली.”

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. “मग पाणी कुठे गेलं?”

संचालकांनी पुस्तक उघडले, मिटले, पुन्हा उघडले, जणू कुठल्यातरी पानातून पाणी पाझरेल. मुलगी मग शांतपणे सांगू लागली: वरच्या मजल्याची डागडुजी, खालची खोली, मृत्यूच्या पेट्या, आणि ती माणसे आपल्याला आधी मेलेली भेटली ती कशी. सांगता सांगता तिचा आवाज सरळ झाला. समितीतल्या एकाने मध्येच विचारले, की मग चूल कधी सापडली? ती म्हणाली, “चूल शेवटी सापडली, सर. पण मांडायची तर होती कुठेतरी. मी ती मरणानंतर मांडली. चुकीचंच आहे ते. पण चूक माझी आहे.”

“तेवढं पुरे,” अध्यक्षा म्हणाल्या.

निर्णय दुपारी कळला. प्रबंध मुलीचाच असून तो विनाविलंब परीक्षकांकडे पाठवावा. संचालकांच्या ग्रंथाविषयी स्वतंत्र समिती नेमण्याची शिफारस करण्यात येत आहे. ह्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ बाईंना पुरता कळत होता. समित्या नेमल्या जातात, बसतात, आणि बसूनच राहतात. संचालकांची खुर्ची तूर्त कुठे जात नव्हती. पण मुलगी पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडत होती, आणि यजमान तिला आपला रुमाल देत, दात दाखवून हस बघू, असे काहीतरी सांगत होते.

बाई गाडीपाशी आल्या तेव्हा संचालक तिथे उभे होते. ऊन आता दुसऱ्या बाजूने तिरपे झाले होते. त्यांनी बॉनेटकडे पाहिले नाही.

“बाई, झालं गेलं विसरून जाऊ,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पण हे मात्र नीट करून घ्या. संस्थेच्या दारात असं बरं दिसत नाही. माझा पेंटर अजूनही...”

“तुमच्या खिडकीतून दिसतं का हे?” बाईंनी विचारले.

संचालकांनी वर पाहिले, आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे, आणि मग खाली.

संध्याकाळी नणंद गॅलरीतून उतरून प्रथमच पोर्चमध्ये आली. तिच्या हातात लाकडाचा एक ठोकळा होता. कुठल्याशा मोडक्या खुर्चीचा पाय तिने कापून आणला होता.

“हा घ्या. आता सपाट घासा एकदाचं. मी पण धरते एका बाजूने.”

बाईंनी ठोकळा घेतला, हातात तोलून पाहिला, आणि गाडी मागे सरकू नये म्हणून मागच्या चाकाखाली सारला.

“वन्सं, ह्याला मी आता बोट लावणार नाही. रोज तिथेच उभी करणार आहे मी गाडी. त्याच खिडकीखाली.”

“आणि लोक वाचतील त्याचं काय?” यजमान दारातून म्हणाले.

“वाचू देत की. शब्द कुणाला लागू होतो, ते ज्याचं त्याला कळतं.” बाईंनी ओढणीने बॉनेटवरची धूळ झटकली. “अहो, उभे काय राहिलात? मेणाचा डबा आणा. अजून चमकलं पाहिजे.”